उतार आपल्याकडेही आहेत

घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना बेअरिंगची गाडी म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून मिळवलेल्या तीन जुन्या बेअरिंगा, भंगारातली एक फळी, पुढे आडवी पट्टी. बसायचे, पाय पट्टीवर ठेवायचे आणि उतारावरून सुटायचे. ब्रेक नाही, घंटा नाही. खर्रर्र असा आवाज आला की खालच्या बाया आपली पोरे ओढून कडेला घेत.

आमच्या लहानपणी या गाडीवर आमच्या आळीत सर्वांत पुढे असे ती आमची धाकटी बहीण. वळणावर भली भली पोरे पाय टेकून गाडी सावकाश करीत. ही मात्र अंग एका बाजूला झुकवून वळण काढीत असे. बारावे वर्ष लागले आणि एका संध्याकाळी कारखान्यातून सुटून आलेल्या वडिलांनी तिला गाडीवर पाहिले. त्यांनी हात उगारला नाही. फक्त म्हणाले, "पोरीच्या जातीला हे शोभत नाही. हातपाय मोडला तर करील कोण हिला?" दुसऱ्या दिवसापासून गाडी आमच्याकडे आली आणि तिच्याकडे पाण्याची कळशी. वडील वाईट नव्हते. त्या काळी सगळीच घरे असे बोलत. आम्हीही गाडी मिळाली म्हणून खूषच होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

ही जुनी गोष्ट आठवण्याचे कारण म्हणजे मध्यंतरी आमच्या भाचीने मोबाइलवर एका शर्यतीचे चित्रण दाखविले. म्हणाली, "मामा, हे बघा, ही बाई बर्फावरून कशी येते!" ती बाई होती जर्मनीची नताली गायझेनबर्गर आणि तो खेळ होता ल्यूज. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी या खेळाचे नावही ऐकले नसेल. म्हणून आधी थोडी माहिती.

ल्यूज म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याची लहानशी गाडी. तिला चाके नसतात, खाली पोलादी कडा असलेल्या दोन पट्ट्या असतात. खेळाडू तिच्यावर उताणा झोपतो, पाय पुढे आणि डोके मागे. सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून स्वतःला जोरात पुढे फेकायचे, मग बारीक खिळे असलेल्या हातमोज्यांनी बर्फ दोन-तीन वेळा मागे ढकलायचा आणि झोपून जायचे. पुढे सारा उतार. बांधून काढलेली, कृत्रिम थंडाव्याने गोठवलेली ही नळीसारखी वाट एक किलोमीटरहून अधिक लांब असते. हातात सुकाणू नसते. पोटरीने पट्टी दाबायची, खांदा किंचित टेकवायचा, एवढ्यावर गाडी वळते. मान जास्त उचलली तर वाऱ्याला अडथळा होतो आणि वेळ वाया जातो. म्हणून पुढचे जेमतेम दिसत असते. उरलेली वाट पाठ असावी लागते.

वेग किती? ताशी १२० ते १४० किलोमीटर. आपली फास्ट लोकल मोकळी वाट मिळाली की ताशी शंभरच्या आसपास धावते. दारात उभे राहिल्यावर तोंडावर येणारा वारा आठवा आणि त्याहून अधिक वेगाने जमिनीपासून काही बोटांवर उताणे झोपून जात आहोत अशी कल्पना करा. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. १९९८ साली जपानमधील नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांचे सुवर्ण आणि रौप्य यांच्यात अंतर होते ०.००२ सेकंदांचे, तेही चार फेऱ्यांची बेरीज करून. पापणी लवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो!

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कितीतरी खेळांत स्त्रियांना ऑलिंपिकचे दार उघडायला अनेक वर्षे वाट पाहावी लागली. ल्यूज ऑलिंपिकमध्ये आला १९६४ साली, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे, आणि त्याच वर्षी पुरुषांबरोबर स्त्रियांचीही शर्यत झाली.

आता नतालीकडे वळू. तिचा जन्म ५ फेब्रुवारी १९८८ चा, म्युनिक शहरातला. घर बव्हेरिया प्रांतातील मीसबाख गावी. दहाएक वर्षांची असताना ती या गाडीवर बसली. म्हणजे आमच्या बहिणीला ज्या वयात उतरविले, त्याच्या थोडे आधी तिला बसविले गेले. कोणिग्सझे येथील वाटेवर तिचा सराव झाला. जर्मनीने असे चार घसरणमार्ग बांधले. त्यामुळे १९९८ ते २०२२ या सलग सात ऑलिंपिकांत महिलांच्या एकेरीचे सुवर्ण दुसऱ्या देशाला मिळालेच नाही. गुणी मुली सगळीकडेच जन्मतात. वाट मात्र कोणीतरी बांधावी लागते.

नताली प्रथम ऑलिंपिकला गेली ती २०१० साली, कॅनडातील व्हँकुव्हर येथे. त्या स्पर्धेची सुरुवातच दुःखाने झाली. उद्घाटनाच्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, जॉर्जिया देशाचा २१ वर्षांचा खेळाडू नोदार कुमारिताश्विली सरावात वाटेबाहेर फेकला गेला आणि मरण पावला. त्यानंतर वेग कमी व्हावा म्हणून शर्यती खालच्या टप्प्यावरून सुरू केल्या गेल्या. अशा वातावरणात बावीस वर्षांची ही मुलगी गाडीवर झोपली आणि कांस्यपदक घेऊन आली. धोका काय असतो हे तिला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये.

पुढची बारा वर्षे तिचीच होती. २०१४ साली रशियातील सोची येथे तिने एकेरीचे सुवर्ण घेतले, तेही तब्बल १.१३९ सेकंदांनी. हजाराव्या भागांच्या या खेळात एवढे अंतर म्हणजे फारच झाले. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे पुन्हा सुवर्ण, २०२२ साली बीजिंगच्या स्पर्धेत तिसऱ्यांदा. महिलांच्या एकेरीत सलग तीन सुवर्णे त्यापूर्वी कोणी घेतली नव्हती. शिवाय या तिन्ही वेळी सांघिक शर्यतीचेही सुवर्ण. त्या वेळी या सांघिक शर्यतीत एका देशाच्या तीन गाड्या एकामागून एक सुटत. पहिल्या खेळाडूने शेवटी वर टांगलेल्या पाटीवर हाताने थाप मारली की वरती पुढच्याचे दार उघडते. अशी एकूण सात ऑलिंपिक पदके, त्यांत सहा सुवर्ण. एकेरीचे जागतिक अजिंक्यपद चार वेळा आणि हंगामभराच्या विश्वचषक मालिकेचे विजेतेपद आठ वेळा.

परंतु भगिनींनो, पदकांच्या यादीपेक्षा आम्हाला दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट बाळंतपणाची. २०१८ चे सुवर्ण घेतल्यानंतर तिने लग्न केले. २०१९-२० चा हंगाम तिने सोडला आणि मे २०२० मध्ये तिला मुलगा झाला. मूल झाले की बाईचे खेळणे संपले, असे आपल्याकडेच म्हणतात असे नाही. तिने सहा महिन्यांत पुन्हा हेल्मेट चढविले आणि त्याच हंगामात विश्वचषक मालिका जिंकली. पुढच्या वर्षी बीजिंगला जावे की न जावे हा प्रश्न तिच्यापुढे होता. आधी सरावासाठी तिकडे गेली असता साथीच्या नियमांमुळे जे सोसावे लागले, त्याविषयी आणि तेथील मानवी हक्कांविषयी ती उघडपणे बोलली. शेवटी गेली. एकेका फेरीला सुमारे ५८ सेकंद, अशा चार फेऱ्या. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी तिने ०.४९३ सेकंदांनी सुवर्ण जिंकले. घरी पावणेदोन वर्षांचे लेकरू होते. २०२३ साली तिने खेळातून निवृत्ती घेतली.

दुसरी गोष्ट भाकरीची. नताली जर्मनीच्या केंद्रीय पोलीस दलात नोकरीला होती. तेथे हिवाळी खेळांतल्या खेळाडूंना पोलिसात घेतात, शिक्षण देतात, पगार देतात आणि सरावाला मोकळीक देतात. खेळ संपला तरी वर्दी राहते. म्हणजे घरात उद्या चूल कशी पेटेल ही चिंता न करता तिला वळणाचा विचार करता आला. आपल्या राज्यातील कविता राऊत पाहा. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची ही मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळविले. तिलाही ओएनजीसीची नोकरी होती. घरात पोटाला असेल तरच पाय धावतात, हे श्रमाची भाकर खाणाऱ्या आपल्या वाचकांना आम्ही वेगळे काय सांगावे?

आपल्या देशात ल्यूजची अशी बांधीव वाट नाही. तरीही मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिव केशवन १९९८ ते २०१८ अशा सहा ऑलिंपिकांत उतरला. पहिल्या वेळी तो अवघ्या सोळा वर्षांचा होता. सराव कसा करीत असे? गाडीला चाके लावून हिमालयातल्या घाटरस्त्यावर, ट्रक आणि शेळ्यामेंढ्यांच्या मधून! म्हणजे आमच्या असल्फाचीच रीत. मात्र २०२२ पर्यंतच्या एकाही ऑलिंपिकमध्ये ल्यूजच्या शर्यतीत भारताची मुलगी उतरलेली नाही.

आजच्या रहदारीत मुलांना बेअरिंगच्या गाड्यांवर बसवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर आता चालायला जागा नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. मुलगा मैदानावरून गुडघा फोडून आला तर आपण हळद लावतो आणि मुलगी आली तर खेळ बंद करतो. नववीत गेली की तिला क्लास, घरकाम आणि धाकटे भावंड. शाळेच्या कबड्डी-खोखोच्या संघातून सर्वांत आधी नाव कमी होते ते तिचे. हे आपल्या घरात घडते आहे का, ते प्रत्येकाने पाहावे.

नुसते कौतुक करून भागत नाही, म्हणून थोडे उपयोगाचेही सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना वाढीव गुण मिळतात. या दोन्हींसाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, आणि नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते. कोणत्या पातळीची कोणती स्पर्धा चालते याचे नियम ठरलेले आहेत. ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किंवा मुंबई उपनगरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावेत. प्रमाणपत्र कपाटात बांगड्यांच्या डब्याखाली ठेवू नये. रेशनकार्डाइतके जपावे. अंधेरीला क्रीडा संकुल आहे, मुलुंडला महापालिकेचा जलतरण तलाव आहे. ती आपलीही आहेत. फी किती आणि सवलत कोणाला, हे एकदा खिडकीवर जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

भाचीने ते चित्रण दाखविले तेव्हा तिची आई, म्हणजे आमची तीच बहीण, भाजी निवडीत बाजूला बसली होती. चष्मा पुसून तिने शर्यत शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "दादा, वळणावर ती बघ अंग कसं टाकते. आपण असंच टाकायचो." आम्ही म्हणालो, "आपण नव्हे, तू." ती हसली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. थोड्या वेळाने मान वर न करता तिने मुलीला विचारले, "उद्या तुझी प्रॅक्टिस किती वाजता आहे? पाणी मी भरते, तू वेळेवर जा."

भाची खोखो खेळते. तिच्या शाळेच्या संघात यंदा तिचे नाव आहे.