गाडी चार्जिंगला लावायची कुठे?

ई-स्कूटर घ्यायचीय? मग आधी सांगा, चार्जिंगला लावणार कुठे? खोली तिसऱ्या मजल्यावर आणि मालक खाली प्लग देत नाही. 2022 च्या नियमांत केंद्राने शहरांत दर 3 बाय 3 किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं, असं म्हटलं होतं. पण त्यात पहिला टप्पा 40 लाखांवरच्या महानगरांचा होता, दुसरा राजधानीच्या शहरांचा. मिरज दोन्हींत नव्हतं. बसा आता! तरी स्टेशन काढायला लायसन्स लागत नाही, हेही त्याच नियमांत होतं. आणि स्कूटरला फास्ट चार्जर हवाच कशाला? भिंतीतला साधा प्लग, चार-पाच तास. तेवढा वेळ गाडी कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभीच असते की! तिथे मीटर लावून प्लग द्या, युनिटचे पैसे आम्ही भरतो, असा अर्ज सह्या घेऊन याच आठवड्यात प्राचार्यांकडे द्या.