वारसांच्या यादीत आई कुठं आहे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर

महोदय,

चौंडी आपल्याच जिल्ह्यातली, जामखेड तालुक्यातली. 31 मे 1725 ला तिथं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं नाव आता जिल्ह्याला लागलंय. 6 मे 2025 ला राज्याचं मंत्रिमंडळ बैठकीसाठी थेट चौंडीत आलं होतं. बाईंच्या घाटांवर आणि देवळांवर भाषणं होतात, व्हावीत. मला त्यांच्या आयुष्यातल्या 1767 सालाबद्दल बोलायचंय, कारण त्या साली जे घडलं, तसलं काम आजही आपल्या महसूल खात्याकडंच येतं.

त्या साली बाईंचा मुलगा मालेराव गेला. नवरा खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता, सासरे मल्हारराव आदल्या वर्षी गेले होते. अंगावरचं सुतक फिटतंय न फिटतंय तोच मल्हाररावांच्या वेळचा दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड पुढं झाला. कुणाचं तरी पोर दत्तक घ्या, कारभाराचं आम्ही बघतो, असा त्याचा आग्रह. बाई ऐकेनात, तेव्हा त्यानं पेशव्यांचे काका राघोबादादांशी संधान बांधलं. घरातलं मीठ खाल्लेला माणूस होता हा. बाईंनी सैन्याची जुळवाजुळव केली, थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचीच बाजू उचलून धरली, आणि फौज घेऊन आलेल्या राघोबादादांना आपण दुखवट्याला आलो होतो असं सांगायची वेळ आली.

महोदय, मुलगा गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या आईच्या पाठीशी ना फौज असते, ना माधवराव. तिच्याकडं असतो तो 1956 चा हिंदू वारसा कायदा, आणि तो काय म्हणतो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मृत्युपत्र न करता मुलगा वारला तर त्याची बायको, त्याची मुलं आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. बाप त्या वर्गात नाही, आई आहे. त्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेलं चार एकर रान असेल, मागं बायको, दोन लेकरं आणि आई असेल, तर चौघांना एकेक एकर. हिशोब इतका सरळ आहे.

वाकडं होतं ते यादी करताना. वारस नोंदीचा अर्ज, मग तो तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, दिलेला असो की ई-हक्कवर भरलेला, करतो घरातलाच कुणीतरी कर्ता पुरुष, आणि वारस कोण कोण हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देणाराही तोच. आईचं नाव ‘राहून जातं’. हरकतीची मुदत असते, नोटीस लागते, पण ज्या दारात मांडव घातला त्याच दारातून मुलाला उचलताना जिनं पाहिलंय, ती चावडीवर नोटीस वाचायला जात नसते. मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि विषय मिटतो.

नाव लागलंच तर पुढची पायरी हक्कसोडपत्राची. तेरावा उरकला की धाकटा मुलगा, दीर नाहीतर पुतण्या तिला तालुक्याला नेतो. ‘बँकेचं काम आहे’ किंवा ‘अनुदानाला सही लागती’ एवढंच सांगितलेलं असतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिला कॅमेऱ्यासमोर बसवतात, डोक्यावरचा पदर जरा मागं घ्या म्हणतात, अंगठा यंत्रावर ठेवतात. साक्षीदार भावकीतलेच. ‘मान्य आहे ना आजी?’ या प्रश्नाला मान हलवण्यापलीकडं ती काय बोलणार? खाली लिहिलेलं असतं, दस्त वाचून पाहिला, समजला. अंगठा देणाऱ्या बाईनं वाचून पाहिला!

यात एक आणखी वाईट खेळी आहे. आईचा हिस्सा पुष्कळदा तिच्यासाठी नाही, विधवा सुनेविरुद्ध हवा असतो. तो जिवंत मुलाच्या नावे फिरवला की मयताच्या रानात दिराचा पाय शिरतो, मग बांध, विहीर, पाइपलाइन, एकेक अडवत सुनेला माहेरचा रस्ता दाखवता येतो. गावात बोलतात ते सासू-सुनेचं भांडण म्हणून. प्रत्यक्षात एकाच माणसाच्या जाण्यानं उघड्या पडलेल्या दोन बायका एकमेकींसमोर उभ्या केलेल्या असतात, आणि उभं करणारा दोघींच्याही घरचा असतो.

अहिल्यानगर शहराला हे नवं नाही म्हणा. 1565 मध्ये इथला सुलतान हुसेन निजामशहा वारला, तेव्हा अल्पवयीन मुर्तझाच्या नावानं त्याची आई खुंजा हुमायूननं काही वर्षं राज्य चालवलं. पुढं त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित आहे. त्यातल्या चित्रांत नवऱ्याशेजारी बसलेली ही राणी जवळजवळ सगळीकडं रंग फासून पुसलेली आहे. सातबाऱ्यावरचं नाव पुसायला तर रंगही लागत नाही, नावाला कंस केला की पुरतो.

1 एप्रिल 2025 पासून सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर हाती घेतली. मयतांची नावं कमी करून वारसांची लावायची, हा हेतू चांगलाच आहे. वर्षानुवर्षं रान मेलेल्या माणसाच्या नावावर राहिल्यानं वारसांचं पीककर्ज अडकून पडायचं. पण कामाला वेग आला की घरच्यांनी दिलेली यादी तशीच पुढं सरकते, ही माझी धास्ती आहे. किती नोंदी निकाली निघाल्या याचा आढावा आपण घेत असालच. त्यातल्या किती नोंदींत मयताच्या आईचं नाव लागलं, हाही रकाना त्या तक्त्यात घाला.

आणखी एक अधिकार आपल्या हाताखालीच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडं असतं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, कलम 23 खाली परत घेता येते. मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयानं 2 जानेवारी 2025 ला याच कलमावर रद्द ठरवलं आणि ताबा तिला परत द्यायला सांगितलं. खोच अशी, की अट असावी लागते. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रांत प्रेमापोटी, राजीखुशीनं असली सगळी शब्दसंपत्ती असते, सांभाळाची ओळ तेवढी नसते.

म्हणून मागणं मोठं नाही. तरण्या मुलाच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत आई हयात आहे की नाही हे ग्राम महसूल अधिकाऱ्यानं घरी जाऊन बघावं, आणि तिच्याशी बोलताना भावकीला ओसरीच्या बाहेर थांबवावं. मुद्रांक खात्याला लिहून, विधवेचा किंवा मयताच्या आईचा हक्कसोड नोंदवण्याआधी तिला एकटीला विचारायची पद्धत पाडून घ्यावी. दस्तलेखकांना सांगावं, सांभाळाची अट लिहा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, आपल्या सहीचं एक परिपत्रक पुरेल. ते निघालं की त्याची प्रत चौदाही तालुक्यांच्या तहसीलबाहेर, दस्तलेखक बसतात तिथं, मोठ्या अक्षरांत लावावी.

आपला,
जिल्ह्यातला एक लिहिणारा