टन किती, ते खोलीला विचारा

उन्हाळा लागला की दुकानदारांचा एकच मंत्र सुरू होतो, ‘वहिनी, डोळे मिटून दीड टनाचा घ्या.’ आणि आपले घरधनी खरोखरच डोळे मिटतात! आमच्या अकोला, जळगाव, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिथे विंडो एसी ही काही चैन राहिलेली नाही. हप्त्यांवर का होईना, तो साध्या घरांतही आला आहे. माझी तक्रार एसीबद्दल नाहीच. तो केवढा घ्यायचा हे ठरवताना घरातल्या बाईला कुणी विचारत नाही, याबद्दल आहे.

पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत हाताला चटका देते, हे कोणाला ठाऊक असतं? वर स्लॅब तापलेला आहे, मे महिन्यात माहेरवाशीण मुलांना घेऊन आली की त्याच खोलीत पाच जण झोपतात, हे कोण सांगणार? एसीचं माप नेमकं याच गोष्टींवर ठरतं.

आधी ‘टन’ म्हणजे काय ते पाहू. तो एसीच्या वजनाचा आकडा नव्हे, बरं का! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी खोलीतून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. यंत्राच्या भाषेत ताशी १२,००० बीटीयू किंवा साधारण ३,५०० वॅट.

आता आपला हिशोब. दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फुटांची, नेहमीच्या उंचीची खोली असेल आणि वर दुसरा मजला असेल, तर एक टन पुरतो. १७०-१८० फुटांपर्यंत दीड टन. पण तीच १२० फुटांची खोली उन्हाची असेल तर दहा टक्के वाढवा, १३,२०० झाले. दोनपेक्षा जास्त माणसं झोपत असतील तर माणशी ६०० धरा. पाच जणांचे १,८०० वाढले. बेरीज १५,०००, म्हणजे सव्वा टन. इथे एक टन धापा टाकणार, दीडच घ्यायला हवा. आपण वाणसामानाची यादी याहून अवघड करतो!

अजून एक. एसीवर ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वॅटमध्ये क्षमता लिहिलेली असते. सगळ्या ‘दीड टनां’चा आकडा सारखा नसतो. कुठे ४,८०० तर कुठे ५,२०० दिसेल. आणि हे माप बाहेर ३५ अंश असताना घेतलेलं असतं. आपल्याकडच्या ४५ अंशांत तोच एसी कमी थंडावा देतो. म्हणून आकडा अगदी काठावर असेल तर वरचं माप घ्यावं. मात्र काठावर असेल तरच!

कारण ‘मोठाच घेऊन टाकू’ हाही एक रोग आहे. आमच्या बचत गटातल्या एकीच्या घरी लहानशा खोलीला दोन टनांचा बसवला. दहा मिनिटांत खोली गार, यंत्र बंद. थोड्या वेळानं पुन्हा धडधड. हवेतली ओल काढायला एसीला सलग चालावं लागतं, तेवढा वेळच त्याला मिळत नाही. त्यामुळे जुलैत गार पण दमट, पांघरूण चिकट वाटावं अशी हवा. कोकणातल्या मैत्रिणींनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. शिवाय वरचे पैसे गेले ते गेलेच.

बिलाचंही तसंच. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिटं सहज जातात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० नंतर चढतो, तेव्हा महिन्याच्या खर्चाचं गणित मांडणाऱ्या बाईला हे आधी कळायला नको का? २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवरच सुरू होतात. ते १८ वर आणल्यानं खोली लवकर गार होत नाही, हे मुलांना एकदा नीट सांगा. गच्चीला पांढरा चुना मारणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच, एसीला जाड वायर आणि स्वतंत्र लाइन लागते.

आणि बसवायचा कुठे? बहुतेक घरांत उत्तर तयार असतं, ‘हॉलमध्ये, चारचौघांत बरं दिसतं.’ दुपारभर तगमगणाऱ्या सासूबाई मात्र आतल्या खोलीत, आणि आपण ओट्यापाशी घामाघूम! मला हे पटत नाही. आजारी, म्हातारं माणूस आणि तान्हं मूल जिथे झोपतं, तिथेच एसी हवा. पाहुणे पंख्याखाली बसतील.

खोलीची लांबी-रुंदी, उन्हाची भिंत, झोपणारी माणसं आणि खिडकीचं माप एका कागदावर लिहा. एसीची मागची बाजू बाहेर मोकळी राहील का आणि पाणी कुठे गळेल, तेही पाहून ठेवा. कागद घेऊन दुकानात स्वतः जा. ‘साहेबांना पाठवा’ असं कुणी म्हणालंच, तर सरळ शेजारचं दुकान गाठा.