विश्लेषण : पहिली रेकॉर्ड गोऱ्यांची, मग जॅझ कोणाचे?

जॅझ कधी सुरू झाले, असे मोबाइलवर शोधले तर २६ फेब्रुवारी १९१७ ही तारीख हमखास पुढे येते. त्या दिवशी ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ने न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी दोन धून वाजवल्या. ती जॅझची पहिली रेकॉर्ड मानली जाते. बँडमधले पाचही वादक गोरे होते. तारीख बरोबर आहे, पण तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. पहिली रेकॉर्ड म्हणजे पहिले संगीत नव्हे. हा फरक पुसला, की ज्यांनी हे संगीत घडवले त्यांची नावेही पुसली जातात.

मग जॅझचा जन्म कुठे झाला?

अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स या बंदराच्या शहरात. फ्रेंचांनी वसवलेले हे शहर काही काळ स्पेनकडे होते आणि १८०३ मध्ये अमेरिकेकडे आले. येथील गुलामांना रविवारी एकत्र येऊन नाचण्या-वाजवण्याची मुभा होती. १८१७ च्या शहर-आदेशाने हे जमणे एकाच जागी बंदिस्त केले. तीच जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. ते मेळावे जॅझच्या कितीतरी आधी थांबले, त्यामुळे जॅझ थेट तिथून आले असे म्हणता येत नाही. पण आफ्रिकी आणि कॅरिबियन तालांची सवय या शहराच्या अंगात मुरली ती अशी.

कायद्याचा संगीताशी काय संबंध?

न्यू ऑर्लीन्समध्ये मिश्रवंशीय क्रिओल समाज मोठा होता. त्यांच्यातील अनेक वादक युरोपीय पद्धतीने शिकलेले आणि स्वरलिपी वाचणारे होते. शहराच्या वरच्या भागातील कृष्णवर्णीय वादकांचा भर कानावर आणि ब्लूजवर होता. १८९० मध्ये लुइझियानाने रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. त्याविरुद्ध होमर प्लेसी या न्यू ऑर्लीन्सच्याच क्रिओल माणसाच्या नावाने लढा उभा राहिला. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. क्रिओल समाजाचे वेगळे स्थान संपत गेले आणि दोन्ही गटांतील वादक पूर्वीपेक्षा अधिक एकत्र वाजवू लागले. यावरून ‘भेदभावाने जॅझ दिले’ असे म्हणणे क्रूर ठरेल. अन्याय कायद्याने केला, संगीत माणसांनी केले.

या संगीतात नवे काय होते?

चार प्रवाह एकत्र आले. मिरवणुकांच्या आणि अंत्ययात्रांच्या ब्रास बँडने कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन ही वाद्ये दिली. रॅगटाइमने ठरलेल्या ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे जोर देण्याची खोड लावली. स्कॉट जोप्लिनचे ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये छापले गेले होते. ब्लूजने चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे आवर्तन दिले आणि वाकवलेले स्वरही दिले. गंधार पुरता कोमल नाही आणि पुरता शुद्धही नाही, अशी ती जागा. चर्चमधील गायनाने एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, ही रीत दिली.

सुरुवातीच्या जॅझमध्ये कॉर्नेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलबुट्टी काढतो आणि ट्रॉम्बोन खालून आधार देतो. तिघेही एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवतात, तरी गोंधळ होत नाही. यासाठी तयारी लागते. ‘अशिक्षितांचे उपजत संगीत’ हे जॅझचे वर्णन म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

पहिल्या वादकांची रेकॉर्ड का नाही?

बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाचे उदाहरण पाहावे. त्याचा जन्म १८७७ चा. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लीन्समध्ये त्याच्या बँडचा दबदबा होता. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १९३१ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. रेकॉर्ड कंपन्या उत्तरेतल्या शहरांत होत्या, त्यांचे दरवाजे कोणासाठी आधी उघडतात हेही ठरलेले होते.

डिक्सिलँड बँडचे वादकही न्यू ऑर्लीन्सचेच, याच संगीतात वाढलेले. त्यांची रेकॉर्ड प्रचंड खपली, त्यांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यांचा कॉर्नेटवादक निक लारोका याच्या दाव्याला. जॅझ आपण निर्माण केले, असे तो पुढे सांगत राहिला. त्या पहिल्या रेकॉर्डवरील ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’च्या मालकीवरून १९१७ मध्येच शिकागोत खटला झाला, तेव्हा न्यायालयाने दोन्ही बाजूंपैकी कोणालाच हक्क दिला नाही. क्रिओल पियानोवादक जेली रोल मॉर्टननेही जॅझ १९०२ मध्ये आपणच शोधल्याचे म्हटले होते. तो दावाही तितकाच पोकळ. एवढे सामूहिक संगीत एका माणसाच्या नावावर करताच येत नाही.

रेकॉर्डवर किती विश्वास ठेवावा?

बेताने. तेव्हाच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. मायक्रोफोन येण्यापूर्वी वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून वाजवत. ढोलांचा आवाज त्यात नीट पकडला जात नसे. म्हणजे नाचघरात तासन्‌तास चालणाऱ्या संगीताची ती छोटी, अपुरी छबी होती.

तरी रेकॉर्डमुळेच पुढचा बदल आपल्याला ऐकू येतो. लुई आर्मस्ट्राँग १९०१ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या गरीब वस्तीत जन्मला. १९२२ मध्ये किंग ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलावले, १९२३ मध्ये त्यांच्या बँडचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात सामूहिक वादन आहे. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’मध्ये मात्र आर्मस्ट्राँग सुरुवातीलाच कोणाच्याही साथीविना ट्रम्पेटवर एकटा झेप घेतो. पाच वर्षांत जॅझ सामूहिक वादनाकडून एकल वादकाकडे वळले होते.

आपल्याला याचे काय?

१९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी हे संगीत आत्मसात केले. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला गेलेला चिक चॉकलेट हा त्यांतलाच. सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्याचा हात होता, ‘अलबेला’त तो बँडसह पडद्यावरही दिसतो. पण वाद्यमेळ बांधणाऱ्या अनेक गोवेकर वादकांची नावे ना पडद्यावर आली, ना तबकडीवर. न्यू ऑर्लीन्समध्ये जे घडले, तेच वेगळ्या रीतीने इथेही घडले.

आज जुनी गाणी ॲपवर नव्याने येत आहेत. गायक आणि संगीतकारांच्या पुढे वाद्यमेळ संयोजक आणि वादकांची नावे देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जिथे ती नोंदीत सापडतात, तिथे कंपन्यांनी ती दिलीच पाहिजेत. बोल्डनचा सूर आता परत मिळणार नाही. ज्यांचा सूर आपल्याकडे आहे, त्यांची नावे तरी हरवू देऊ नयेत.