बंदूक तपासणाऱ्याला कोण तपासणार?

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पुजली जातात. होळकरांच्या इंदुरात, शिंद्यांच्या ग्वाल्हेरात, गायकवाडांच्या बडोद्यात ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांच्या माळ्यावरून अजूनही एखादी तलवार, एखादी कट्यार त्या दिवशी खाली येते, पुसली जाते, हळद-कुंकू लावून पाटावर ठेवली जाते. अलीकडे काही घरांत त्या तलवारीशेजारी एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे छऱ्याची बंदूक, मुलांच्या भाषेत एअर रायफल. बहुधा ती नातवाची असते. आणि बहुधा ती दुकानात हाताळून घेतलेली नसते, तर मोबाइलवर कुणा परीक्षकाने केलेली तारीफ पाहून मागवलेली असते.

अशाच एका सभासदांच्या घरी गेल्या दसऱ्याला आम्ही सोने द्यायला गेलो होतो. नातवाने बंदूक दाखवली आणि परीक्षकाचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले : "सेकंदाला हजार फूट वेग, आणि लायसन्सची गरज नाही." आमच्याबरोबर नेमबाजी शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, कोणत्या वजनाच्या छऱ्याने?" मुलाला ठाऊक नव्हते. आजोबांना ठाऊक नव्हते. आम्ही ते चित्रण मागवून पाहिले. पंचवीस मिनिटांत परीक्षकानेही ते कुठे सांगितले नव्हते. बंदुकीचे, विक्रेत्याचे वा परीक्षकाचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही, कारण कायद्याची सगळी गोम त्याच प्रश्नात आहे.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीला परवाना लागू नये यासाठी दोन अटी आहेत. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .177 पेक्षा, जास्त नसावा. आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा 20 जूलपेक्षा जास्त नसावी. दोहोंपैकी एक मर्यादा ओलांडली तरी परवाना हवा. आता ऊर्जा कशी काढतात हे दहावीच्या मुलालाही माहीत असते : वजनाची निम्मी संख्या गुणिले वेगाचा वर्ग. सर्वसाधारण छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. हजार फूट म्हणजे 305 मीटर. हिशेब करा, उत्तर 23 जूलच्या वर जाते.

म्हणजे तीनच शक्यता उरतात. पहिली, परीक्षक म्हणतो तो वेग साध्या छऱ्याने खरोखरच मिळतो. मग ती बंदूक परवान्याशिवाय घरात ठेवणे हा गुन्हा आहे. दुसरी, तो वेग खास हलक्या, पाव-तिसऱ्या हिश्श्याने कमी वजनाच्या छऱ्याने काढला आहे. मग बंदूक कायद्यात बसते, पण सांगितलेली गोष्ट अर्धी आहे. तिसरी, तो वेग मुळी कुणी मोजलेलाच नाही, खोक्यावरचा आकडा वाचून दाखवला आहे. यांतली कोणती शक्यता खरी, हे परीक्षकाने सांगायचे असते. त्यासाठीच तो परीक्षक. तेच जर तो सांगत नसेल, तर त्याच्यात आणि खोक्यात फरक काय? खोके निदान बोलत तरी नाही.

आणि वेगाचे एवढे कौतुक कशासाठी? 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी 700.5 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, ते 10 मीटर एअर रायफलमध्ये. या स्पर्धेच्या रायफली सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर एवढ्याच वेगाने छर्रा सोडतात. त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला विश्वविजेतेपद मिळवले तेही याच प्रकारात. उलट छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचला, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या आसपास, की कमरेत बारीक असलेला तो छर्रा हवेत डळमळू लागतो आणि नेम बिघडतो. तेव्हा जो परीक्षक वेगाचा आकडा मोठ्याने सांगतो आणि नेमाविषयी हळू बोलतो, त्याच्यापासून सावध राहावे.

नेमाच्या बाबतीतही एक युक्ती चालते. पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे कागदावर दाखवतात. हे पाच कितव्या प्रयत्नातले? आधीचे चार कागद कुठे गेले? तीन किंवा पाच छऱ्यांचा पुंजका नशिबानेही लहान पडतो. दहा छर्रे सलग सोडले की बंदुकीचा खरा स्वभाव दिसू लागतो. शिवाय स्प्रिंगच्या बंदुकीला पुढे-मागे असे दोन्हीकडे धक्के असतात. ती घट्ट आवळून धरली की नेम फाटतो, सैल हातावर ठेवली की सुधारतो. हे ज्ञान नसलेला परीक्षक चांगल्या बंदुकीला नावे ठेवतो, आणि ते ज्ञान लपवणारा परीक्षक नवशिक्याला खोटी आशा लावतो.

मग सारेच परीक्षक अविश्वसनीय का? नाही. असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतले टॉम गेलॉर्ड यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. त्यांनी 1994 साली 'द एअरगन लेटर' हे पत्र सुरू केले आणि 2005 पासून ते 'पिरामिड एअर' या विक्रेत्यासाठी लिहू लागले. म्हणजे ज्याचा माल, त्याचीच लेखणी! वरवर पाहता येथेच विश्वास संपायला हवा. पण त्यांची पद्धत पाहावी. एका बंदुकीचे परीक्षण ते अनेक भागांत करतात : आधी वर्णन, मग निरनिराळ्या छऱ्यांनी मोजलेला वेग, मग नेम. छऱ्याचे नाव आणि वजन दिलेले असते. पाचाऐवजी दहा छऱ्यांच्या पुंजक्याचा आग्रह त्यांनीच धरला. स्प्रिंगच्या बंदुकीच्या सैल पकडीला 'तोफखान्याची पकड' हे नावही त्यांनीच रूढ केले. त्यांचे मत पटो न पटो, वाचकाला तोच प्रयोग घरी करून पाहता येतो. पैसे कोणाकडून येतात हे उघड आहे, आणि मोजमापही उघड आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. परीक्षकाच्या मोजमापावर विश्वास ठेवावा, त्याच्या तारिफीवर ठेवू नये. आणि जे मोजमाप आपल्याला पुन्हा करून पाहता येत नाही, त्याला मोजमाप म्हणू नये.

मात्र परदेशी परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी तो आपल्या देशातला कायदा सांगत असतो, आपला नव्हे. अमेरिकेत केंद्रीय कायदा हवेच्या बंदुकीला बंदूकच मानत नाही. इंग्लंडात रायफलीला 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 जूलची मर्यादा आहे. जर्मनीत ती 7.5 जूल आहे. तिकडचा गृहस्थ 5.5 मिलिमीटरची बंदूक 'ससे-पारव्यांसाठी उत्तम' म्हणून सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण ते ऐकून आपल्या मुलाने तसली बंदूक मिळवली तर शस्त्र कायदा आड येतो, आणि पाखरावर रोखली तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम चालली ती याच कारणाने. रानातली पाखरे संपत चालली होती. आपल्याकडचे काही परीक्षक तर दाब वाढवून 'ताकद' कशी वाढवावी हेही दाखवतात. 20 जूलच्या आतली बंदूक एका पान्याने 20 जूलच्या बाहेर जाते, आणि मालक त्या क्षणी विनापरवाना शस्त्रधारी होतो. पोलीस दारात आले तर परीक्षक येणार नाही. आजोबांना जावे लागेल.

येथे आम्हाला जुन्या पिढीची आठवण येते. आमच्या वडीलधाऱ्यांनी बंदूक घेतली ती ओळखीच्या दुकानदाराकडून. तोही नफा कमवीत असे, तोही आपलाच माल चांगला म्हणे. पण त्याचे दुकान उद्याही तेथेच असे, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवायला जात असू. वस्तू वाईट निघाली तर त्याला मान खाली घालावी लागे. परीक्षकाला दोन लाख माणसे ओळखतात, पण तो त्यांपैकी कुणालाही ओळखत नाही. त्याला मान खाली घालायला लावणारे काहीतरी हवे. ते काम आता कायद्याने करायचे आहे.

कायदा नाही असे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिफारस करण्यापूर्वी पुरेशी खातरजमा केली असेल तर त्याला सूट आहे. म्हणजे खातरजमा हे त्याचे कर्तव्यच ठरते. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आणखी स्पष्ट केले की पैसे, फुकट वस्तू, सवलत, प्रवास असे काहीही मिळाले असेल तर ते साध्या, ठळक शब्दांत सांगितले पाहिजे. चित्रणात ते दिसलेही पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक 2022 सालीच आले, पण ते ऐच्छिक स्वरूपात. कागदावर इतके आहे. आचरणात काय आहे, ते सभासदांनी आपापल्या मोबाइलवर पाहावे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बेळगावजवळच्या खेड्यातल्या किंवा देवासच्या एखाद्या मुलाला नेमबाजीची आवड लागली तर त्याला विचारायला जवळ कोण असते? परीक्षकांनी या मुलांना शब्द दिले, बंदूक कशी धरावी ते दाखवले, डोळ्यांना चष्मा लावायला सांगितले. कित्येकांना एका पैशाची प्राप्ती नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन येतो, तेव्हा प्रत्येक गावात दोन-चार मुले रायफलीचे स्वप्न पाहू लागतात. त्या मुलांना आपण 'मोबाइल पाहू नका' एवढेच सांगणार असू, तर ती आपले ऐकणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

म्हणून मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवतो. पहिली : बंदूक घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून नळीचा व्यास, जूलमधील ऊर्जा आणि ती कोणत्या वजनाच्या छऱ्याने मोजली, हे तिन्ही लेखी घ्यावे. जो लेखी देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. दुसरी : उन्हाळी शिबिरात मुलांना एक दिवस जिल्ह्याच्या रायफल क्लबात न्यावे. इंदूरकरांना तर आर्मी मार्क्समनशिप युनिटचे महू अगदी शेजारी. तेथून निवृत्त झालेल्या जाणत्यांना बोलावता येईल. वेग मोजण्याचे यंत्र एकदा मुलांच्या डोळ्यांसमोर चालले की दहा चित्रणांचा भ्रम उतरतो. तिसरी : दिशाभूल झाली असे वाटले तर घरात चरफडत न बसता 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करावी. चौथी : आपल्या आमदार-खासदारांकडे एकच मागणी करावी की खोक्यावर आणि प्रत्येक जाहिरातीत वेगाच्या आकड्याशेजारी छऱ्याचे वजन व ऊर्जा छापणे सक्तीचे व्हावे. यात कुणाचे राजकारण बिघडत नाही. रस्ता, पाणी आणि शाळेच्या माध्यमासाठी आपण निवेदने देतोच. हेही एक द्यावे.

त्या नातवाचे पुढे काय झाले, असे काही सभासद विचारतील. नेमबाजीच्या गुरुजींनी ती बंदूक यंत्रावर लावली. साध्या छऱ्याने ती 17 जूलच्या आत भरली. म्हणजे कायद्यात बसली आणि परीक्षकाचा हजार फूट वेग खोटा ठरला. आजोबांनी सुटकेचा श्वास टाकला, नातू मात्र हिरमुसला. गुरुजींनी त्याला दहा मीटरवर कागद लावून दिला आणि दहा छर्रे सोडायला सांगितले. आता तो दर रविवारी आपले कागद जपून ठेवतो, वाईट पडलेलेसुद्धा. परीक्षकांनी एवढे केले तरी पुरे.