सर्फिंग शिका, निदान पडायला तरी

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा ओला आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं की महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. केंद्राच्या अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७ किलोमीटरच्या पुढे गेला. म्हणजे न मागता दीडशे किलोमीटरचा बोनस! (आमच्या अप्रेझलमध्ये असं का होत नाही कोण जाणे.) पण एवढ्या लांब किनाऱ्यावर आपण नक्की करतो काय? गाडी वाळूपर्यंत नेतो, फोटो काढतो, भेळ खातो, बनाना बोटीवर बसून पाचशे मीटर किंचाळतो आणि संध्याकाळी घाटाच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. समुद्र म्हणजे आपल्यासाठी एक तर वॉलपेपर, नाहीतर 'पाण्यात जाऊ नये' असं लिहिलेली पाटी. या दोन्हीच्या मधे काही असू शकतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

माझं मत सरळ आहे. रायगडच्या वाळूच्या किनाऱ्यांवर सर्फिंगच्या प्राथमिक शाळा निघायला हव्यात. ऑलिंपिक पदकं आणायला नाही (आली तर नको म्हणणार नाही!), तर माणसं जिवंत राहावीत म्हणून.

हसू नका, सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात चार दिवस सुट्टी टाकून मी उत्तर गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकलो. 'शिकलो' हा शब्द फार मोठा झाला. पहिल्या दिवशी चाळीसेक वेळा प्रयत्न केला, तीनदा उभा राहिलो, त्यातल्या एकदा चक्क चार सेकंद. शिकवणारा पोरगा जेमतेम बावीस वर्षांचा, तमिळनाडूतल्या मच्छीमार घरातला. त्याने पहिला अर्धा तास मला पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूवर शेजारी बसवलं आणि म्हणाला, "फक्त बघ. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, आणि फुटलेलं पाणी परत कुठून जातं ते सांग."

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडची नेहमीचीच कथा. फ्लुइड मेकॅनिक्सचा अख्खा पेपर देऊन झालेला आहे. बर्नुली पाठ, रेनॉल्ड्स नंबर पाठ. पण लाटेचं पाणी परत कुठून जातं हा प्रश्न चार वर्षांत एकाही सरांनी विचारला नव्हता.

उत्तर साधं आहे. लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत जायला सोपी वाट शोधतं. वाळूच्या उंचवट्यांमधे जिथे खोलगट पट्टा असतो तिथून ते एकत्र होऊन आत जातं. खोल पाण्यात लाट फुटत नाही, त्यामुळे नेमका हाच पट्टा वरून शांत दिसतो. आजूबाजूला फेस आणि मधे गुळगुळीत, थोडं गडद किंवा वाळूने गढूळ झालेलं पाणी. आता विचार करा, पोहता न येणारा माणूस कुटुंबाला घेऊन आला तर तो कुठे उतरेल? बरोब्बर तिथेच! "इकडे या रे, इकडे लाटा नाहीत!"

त्या प्रवाहाचा जोरही थोडक्यात मोजून बघू. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाचा पाण्याला सामोरा भाग साधारण ०.३ चौरस मीटर धरला, तर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी त्याला सुमारे पंधरा किलो जोराने ढकलतं. तेवढं सोसता येतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे साठ किलो. पाय सुटलेच म्हणून समजा. असे प्रवाह क्वचित सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातात. हा ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्याचा वेग आहे, त्यामुळे उलट पोहून किनारा गाठायचा प्रश्नच नाही. अशा वेळी घाबरून झटापट करायची नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. पट्टा अरुंद असतो. दमून बुडतो तो सरळ किनाऱ्याकडे पोहणारा.

आता मला सांगा, पहिली ते इंजिनिअरिंग या सोळा वर्षांत ही चार वाक्यं कुणी आपल्याला सांगितली?

१ फेब्रुवारी २०१६ या दिवशी पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर आली होती. त्यातले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा 'आजकालची पोरं ऐकत नाहीत' म्हणणारे पुष्कळ भेटले. मला तो दोष देता येत नाही. आपण त्यांना इंटिग्रेशन शिकवलं, इतिहास शिकवला, समुद्र शिकवला नाही. आणि दर अपघातानंतर आपला उपाय ठरलेला: पाटी लावा, सहली बंद करा, दोन महिने पोलीस उभे करा. तिसऱ्या महिन्यात सगळं जैसे थे.

हा सगळा वाद माझा मामाशी झाला, आगरदांड्याला. मुरुडच्या दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीवर हे माझं आजोळ. पलीकडे दिघी. पुण्या-मुंबईची मंडळी गाडी जंगलजेटीत घालून दिवेआगर-श्रीवर्धनला जातात, तेव्हा फेरी लागते ते हे गाव. मामाचं अर्धं आयुष्य होडीवर गेलेलं. मी आपला उत्साहाने सांगत होतो की आपल्याकडे असं काहीतरी सुरू करायला पाहिजे. मामा म्हणाला, "अरे, दर्या काय झोपाळा हाय काय खेळायला? आम्ही नारळ देतो त्याला, फळी नाय टाकत त्याच्या छातीवर."

मी म्हटलं, "मामा, इथे आगरदांड्याला नाही म्हणत मी."

"इथे म्हणालास तर जेवण मिळायचं नाय तुला," मामा म्हणाला.

आणि त्याचं बरोबर होतं. आगरदांडा हे सर्फिंगचं ठिकाण नाहीच. एक तर खाडीच्या आतलं गाव, उघड्या समुद्राची लाट इथे पोचत नाही. खाली वाळू नाही, चिखल आहे, काठाला तिवरं आहेत, जेटीवर बोटींची ये-जा आहे. मुख्य म्हणजे ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी जंजिऱ्याच्या अंगाने बाहेर जात असतं. वरून दिसायला तळ्यासारखं, पण ओढ अशी की चांगला पोहणारा वाहून जाईल. तिथून वर मुरुडला जा, तर उघडा समुद्र, सपाट वाळू, कमरेपर्यंत पाण्यात लांब चालत जाता येईल असा उतार. आणखी वर काशीदला वाळू पांढरी आणि फोटो झकास, पण लाटांचा दणका जास्त. एकाच तालुक्यात तीन पाणी, तिन्हींचे नियम वेगळे! हा फरक मामाला ऐकायला नाही, नुसता बघून कळतो. पर्यटकाला तिन्हीकडे एकच दिसतं: समुद्र.

मामाने मला एक सूत्रही दिलं. कोकणात जुन्या माणसांना ते पाठ असतं. आजच्या तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. (खरी वेळ पाऊण-एक तास इकडेतिकडे होते.) ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. एका ओळीचा अल्गोरिदम, सर्व्हर नको, नेटवर्क नको! तपासून पाहिलं, तर्क चोख आहे. भरती रोज सरासरी ४८-५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला साधारण पाऊण तास. पुनवे-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी.

याचा जीव वाचवण्याशी काय संबंध? मोठा आहे. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. ती सहा तासांत एकसारखी चढत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत भराभर, शेवटी पुन्हा हळू. चार मीटरचा हिशोब केला तर मधल्या काळात तासाला एक मीटर! तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात चेंडू खेळायला उतरलात आणि तिथेच तासभर रमलात, तर डोक्यावरून पाणी. कुणी काही वेडेपणा न करता.

आता सर्फिंगच कशाला, पोहणं शिकवा की, असं कुणी म्हणेल. पोहणं यायलाच हवं, वाद नाही. पण स्विमिंग टँकमधलं पाणी जागेवर उभं असतं. सर्फिंगचे पहिले चार दिवस तुम्ही अख्खे कमरेएवढ्या पाण्यात घालवता. लाट तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या आसपास फुटते, म्हणजे दोन फुटी लाट मांडीएवढ्या पाण्यातच फुटते आणि पुढे नुसता पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो. नवख्याने पकडायचा तो हा फेस. मऊ फोमचा आठ-नऊ फुटी बोर्ड, घोट्याला दोरी, तळाला वाळू. आणि सगळ्यात आधी शिकवतात ते पडायला. डोक्यावर उडी नको, पाठीवर किंवा कुशीवर आडवं पडा, वर येताना डोक्यावर हात धरा, बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मधे कधीच ठेवू नका. वाळूवरून पाय घसटत चाला, म्हणजे खाली पाकट असेल तर ते निसटून जाईल. (२०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी पाकटांनी कित्येकांना डंख मारले होते, आठवतंय?)

दिवसात चाळीस वेळा पडलं की समुद्राची भीतीही जाते आणि समुद्राबद्दलचा फाजील आत्मविश्वासही जातो. दोन्ही एकदम घालवणारा दुसरा कोर्स मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप: रायगडला लाटा कुठे आहेत? मान्य. आपल्यासमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे, लाटेची बरीच ताकद वाटेतच खर्च होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि हिवाळ्यात बराचसा झोपलेला. त्यामुळे कसलेला सर्फर इकडे फिरकणार नाही. पण पहिलीच्या मुलाला मोठी लाट हवीय कुणाला? त्याला गुडघाभर लाट आणि लांबलचक वाळूच हवी. पावसाळ्याचे महिने साफ बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते. कोळी ज्या दिवसांत होडी काढत नाहीत त्या दिवसांत आपणही बोर्ड काढायचा नाही, इतका साधा नियम पुरे.

तिसरा आक्षेप: हे परदेशी, पैसेवाल्यांचं फॅड आहे. बिलकुल नाही. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या मच्छीमाराने सर्फिंगची शाळा उभी केली, गावातली पोरं तिथून तयार झाली. कर्नाटकात मुळकीला २००४ पासून सर्फिंग चालू आहे. २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेत कर्नाटकच्या रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं. यात आपण कुठे आहोत? आपली कोळ्यांची पोरं ठेकेदाराच्या जेट स्कीवर शनिवार-रविवारची रोजंदारी करतात. ज्यांना पाणी वाचता येतं त्यांना आपण इंजिन चालवायला लावलंय. स्किल मिसमॅच याला म्हणतात!

म्हणून माझ्या मागण्या तीनच. मुरुडसारख्या एका सपाट किनाऱ्यावर सुरुवात करा. गावातल्या पंधरा-वीस कोळी पोरापोरींना गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतून जीवरक्षकाचं आणि शिकवायचं प्रशिक्षण द्या, म्हणजे शिकवणारा आणि वाचवणारा माणूस एकच राहील. आणि 'पाण्यात जाऊ नये'च्या पाटीशेजारी एक फळा लावा: आजची तिथी, भरती, ओहोटी, आणि आज कुठल्या पट्ट्यात उतरायचं नाही ते. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी राहू शकते, तर मुरुडला फळा आणि वीस बोर्ड का नाही?

मामाला हे सगळं ऐकवलं. शाळेची कल्पना त्याला अजून पटलेली नाही. फळ्याची मात्र पटली. म्हणाला, "रोज खडूने लिहायला माणूस लागेल. तो शोध आधी, मग फळ्या तरंगव."

असो. तुम्ही पुढच्या वीकेंडला कोकणात निघाला असाल तर बॅग भरायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा आणि पाऊणपट करा. दोन मिनिटांचं काम आहे.