शेजारणीचा सण तुमच्या कॅलेंडरवर आहे का?

मैत्रिणींनो, २०२५ सालच्या दसऱ्याची गोष्ट. तारीख २ ऑक्टोबर. सकाळी पूजा आटोपली आणि श्रीखंडाची वाटी घेऊन मी शेजारच्या मावशींकडे गेले. पाहते तर दाराला कुलूप! फोन लावला, तोही बंद. मावशी बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. वय सत्तरीच्या पुढे, मुलं इस्राएलला, इथे येरवड्यात एकट्या. दिवसभर आमच्या मनात नाही नाही ते आलं.

रात्री त्या रिक्षातून उतरल्या. म्हणाल्या, "अगं, आज आमची दरफाळणी होती!"

मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू! इतक्या वर्षांचा शेजार, पण त्यांचा सर्वांत मोठा उपासाचा दिवस मला ठाऊक नव्हता. हिब्रूत त्याला योम किप्पूर म्हणतात. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, सुमारे २५ तास, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. त्या दिवशी वाहनात बसायचं नाही आणि फोनही वापरायचा नाही. येरवड्याहून पूल ओलांडून कॅम्पातल्या लाल देवळापर्यंत किंवा रास्ता पेठेतल्या सिनेगॉगपर्यंत या वयात चालणार कसं? म्हणून त्या आदल्या दिवशीच रास्ता पेठेत बहिणीकडे राहायला गेल्या होत्या.

त्यांचं पंचांगही आपल्यासारखं चंद्रावर चालतं. १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतात, म्हणून सण त्या त्या ऋतूतच येतात. सणांची नावं तर थेट आपल्या कोकणातली! वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. श्रावणाच्या सुमारास येतो तो 'बिरड्याचा सण', आणि त्या उपासानंतर वालाचं बिरडं. दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि गाठीभेटी घ्यायच्या. २०२६ मध्ये नव्याचा सण १२ सप्टेंबरला, म्हणजे गणपतीच्या दोनच दिवस आधी, आणि दरफाळणी २१ सप्टेंबरला. मात्र त्यांचा दिवस आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो, हे विसरू नका.

नव्याच्या सणाला मावशी चिकाचा हलवा करतात. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळून घ्यायचा. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचं. कडेने सुटू लागला की वेलची आणि सुका मेवा घालून थाळीत थापायचा. हात मात्र भरून येतात! यात गाईम्हशीचं दूध किंवा तूप नाही, कारण त्यांच्यात मटण आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही. म्हणून त्यांच्या स्वयंपाकात नारळाला एवढा मान. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, प्रार्थनेसाठी सरबत लागतं, तेही घरचंच. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या.

मावशींचा मुलगा म्हणतो, "आई, आता घर बंद कर नि इकडे ये." १९४८ नंतर त्यांचे बरेचसे लोक तिकडे गेले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि इथे कधीकधी दहावा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. मावशी हसून म्हणतात, "बायकांना त्या दहात धरत नाहीत, पण हलवा घोटायला आम्हीच!" मग गप्प होतात. जावं की राहावं, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवणारे आपण कोण? पण त्या इथे आहेत तोवर त्यांना परकं वाटू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

तेव्हा थोडं नियोजन करा. शेजारणीला विचारून तिच्या सणांच्या तारखा आपल्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी भिशी किंवा महिला मंडळाचा कार्यक्रम ठेवू नका. पदार्थ पाठवायचा तर आधी विचारा. फळं, खजूर, नारळ हे बहुधा चालतं. उपासाच्या दिवशी ताट नेऊ नका, शिळ्या सणाला भेटायला जा. ती बाहेर राहणार असेल तर किल्ली आणि नातेवाइकांचा नंबर आपल्याकडे असू द्या.

त्या रात्री मावशींनी आपट्याची पानं घेतली, श्रीखंडाची वाटीही घेतली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, अर्थात रिकामी नव्हे. आपल्यात तरी रिकामी वाटी कोण परत करतं!